रिमोट डेस्कटॉपमध्ये बारकोड स्कॅनर भलतंच टाइप करतो, दुरुस्त केला तरी परत तेच, तर आधी हे बघा

स्कॅनर मस्त बीप करतो, लाल रेघ नीट पडते, आणि बिलात मात्र येतं ‘असा आयटम नाही’. परत मारला तर कधी येतो कधी नाही. तोच स्कॅनर दुकानातल्या कॉम्प्युटरवर साधं नोटपॅड उघडून मारला की एकदम ओके, सगळे आकडे जागच्या जागी. मग आपण म्हणतो सर्व्हरवाल्याचा घोळ, सर्व्हरवाला म्हणतो तुमचा स्कॅनर खराब, स्कॅनरवाला म्हणतो आमच्याकडं तर चालतोय, आणि या तिघांच्या मधे काउंटरवरचा पोरगा हातानं कोड टाइप करत बसतो. मी बार्शीत दुकानांच्या कॉम्प्युटरची कामं करतो, गेल्या वर्षभरात हा प्रकार चार ठिकाणी बघितला आणि चारही ठिकाणी मला फोन यायच्या आधी नवीन स्कॅनर विकत घेऊन झालेला होता. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू.

ज्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर दुकानातल्याच मशीनवर आहे त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचं सॉफ्टवेअर कुठंतरी भाड्याच्या सर्व्हरवर बसलंय आणि रोज सकाळी रिमोट डेस्कटॉपनं तिथं जाऊन बिलं फाडतात, दोन शाखा एकाच डेटावर चालाव्यात म्हणून हल्ली बऱ्याच जणांनी तसं करून घेतलंय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धं काम झालं. यूएसबीचा साधा स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं एक कीबोर्ड. तो ‘हा घ्या बारकोड’ असं काही सांगत नाही, तो नुसती बटणं दाबतो, एकामागून एक, आणि शेवटी एंटर. आणि रिमोट डेस्कटॉपसुद्धा तिकडं अक्षर पाठवत नाही, बटणाचा नंबर पाठवतो, म्हणजे अमुक जागेचं बटण दाबलं, अमुक जागेचं सोडलं. त्या बटणाचं अक्षर कुठलं हे ठरतं तिकडं, सर्व्हरवरच्या तुमच्या सेशनमध्ये, म्हणजे तिकडं तुमच्या नावानं चालू असलेल्या कामात, जो कीबोर्ड लेआउट चालू असेल त्याप्रमाणे. त्यामुळं इकडं इंग्रजी दिसत असलं आणि तिकडं मराठी चालू असेल तर स्कॅनर बिचारा बरोबरच बटण दाबतो आणि कागदावर येतं भलतंच. यात स्कॅनरचा काही दोष नाही आणि इंटरनेटचाही नाही.

आता टेस्ट. याला पाच मिनिटं लागतात आणि कुठलीही सेटिंग हलवायच्या आधी ही करायचीच. एकच लेबल घ्या, शक्यतो ज्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडे दोन्ही आहेत असं. पहिल्यांदा दुकानातल्या मशीनवर, रिमोट डेस्कटॉप बाजूला ठेवून, नोटपॅडमध्ये तेच लेबल दहा वेळा मारा. मग रिमोटमध्ये जाऊन सर्व्हरवरचं नोटपॅड उघडा, तिथं दहा वेळा. मग बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दहा वेळा. एक्सेलमध्ये मारू नका, तिथं तेरा आकडी कोड ८.९०१२३ई+१२ असा काहीतरी दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो, तो एक्सेलचा आकडे दाखवायचा प्रकार आहे, त्याचा स्कॅनरशी संबंध नाही.

पहिल्या नोटपॅडमध्येच चुकत असेल तर स्कॅनर, वायर किंवा यूएसबी पोर्ट, पुढचं सगळं सोडा आणि ते बघा. पहिल्यात बरोबर आणि दुसऱ्यात दहाच्या दहा वेळा सारखंच चुकतंय तर लेआउटचा घोळ. पहिल्यात बरोबर आणि दुसऱ्यात कधी बरोबर कधी चूक, दर वेळी वेगळी चूक, तर वेगाचा घोळ. दोन्ही नोटपॅडमध्ये दहापैकी दहा बरोबर आणि फक्त बिलिंगमध्ये गडबड, तर सॉफ्टवेअरला तेवढा दम धरवत नाही, तोही वेगाचाच भाऊ. सारखंच चुकणं आणि वेगवेगळं चुकणं यातला फरक बघा, बाकी काही बघायची गरज नाही.

लेआउटचं प्रकरण मला पहिल्यांदा एका साडीच्या दुकानात भेटलं. मालकांनी स्वतःची लेबलं छापलेली, त्यांची पद्धत अशी की पैठणी, काठ लाल असं असलं की कोड पीकेएल आणि पुढं नंबर, म्हणजे पीकेएल-४२०७. नवरात्राच्या आधीचे दिवस, दुकानात बायकांची गर्दी, आणि मला फोन, ‘ओ लवकर या, मशीन वेडं झालंय’. गेलो तर स्क्रीनवर झखथ-४२०७. मी आधी म्हटलं हा काय शब्द आहे. मग कीबोर्डकडं बघितलं आणि हसूच आलं. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या लेआउटमध्ये इंग्रजी पीच्या बटणावर ज, शिफ्ट धरलं की झ. केवर क, शिफ्टनं ख. एलवर त, शिफ्टनं थ. लेबलवर अक्षरं कॅपिटल म्हणून स्कॅनर इमानदारीत शिफ्ट दाबून बटण मारत होता, म्हणून जकत न येता झखथ आलं. म्हणजे स्कॅनर शंभर टक्के बरोबर होता!

खरी गंमत आकड्यांची. त्यांच्या लेआउटमध्ये आकडेसुद्धा मराठी उमटत होते, त्यामुळं मालक मला सारखे सांगत होते की नंबर तर बरोबर येतोय बघा, फक्त अक्षरं चुकतायत. डोळ्याला बरोबरच होतं ते, चार म्हणजे चार. पण सॉफ्टवेअरच्या लेखी मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन निराळी अक्षरं आहेत, ते जुळवून बघतं आणि म्हणतं असा आयटम नाही. ज्यांच्या मालावर कंपनीचाच तेरा आकडी कोड असतो, ८९० नं सुरू होणारा, त्यांना तर हे अजून अवघड जातं कारण तिथं अक्षरच नसतं, सगळे आकडे, आणि सगळे बरोबर दिसतात. असं काही झालं तर आकड्यांचा आकार नीट बघा, एक आणि नऊ वर लगेच कळतं.

मग ते मराठी चालू कुणी केलं? कुणीच नाही, म्हणजे मुद्दाम कुणी नाही. मालक रोज रात्री दुकान बंद करताना त्याच मशीनवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून गिऱ्हाइकांना मराठीत मेसेज टाकायचे, नवीन माल आलाय वगैरे. मशीन बंद न करता स्लीपला टाकून घरी. सकाळी पोरगा येऊन रिमोट डेस्कटॉप जोडतो तेव्हा मशीनची भाषा मराठीच असते, आणि जोडणी होताना रिमोट डेस्कटॉप सर्व्हरला सांगतो की माझ्याकडं हा लेआउट आहे, सर्व्हर म्हणतो बरं, आणि सेशनमध्ये तोच लावतो. विंडोजमध्ये आपण काही वेगळं सांगितलं नाही तर भाषा सगळ्या खिडक्यांना एकच असते, ब्राउझरमध्ये बदलली की सगळीकडं बदलली. म्हणून ज्या रात्री मेसेज टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी स्कॅनर बिघडायचा आणि ज्या रात्री नाही टाकले त्या दिवशी सुतासारखा सरळ. मालकांनी त्याचा संबंध लाइट जाण्याशी लावलेला होता.

आणि याच्यावर अजून एक थर आहे. पोरगा शहाणा, त्यानं खाली कोपऱ्यात भाषा बघितली, मराठी दिसली, विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी केली. तरी झखथ. का, तर रिमोटची खिडकी फुल स्क्रीन नव्हती, आणि मूळ सेटिंगमध्ये विंडोज बटणाचे शॉर्टकट खिडकी फुल स्क्रीन असेल तरच तिकडं जातात, नाहीतर इकडच्याच मशीनला लागतात. म्हणजे त्यानं भाषा बदलली ती दुकानातल्या मशीनची, सेशनची तशीच. मग त्यानं मशीन रीस्टार्ट केलं. तरी तेच! कारण खिडकीची फुली मारली किंवा आपलं मशीन बंद केलं तर सेशन फक्त तुटतं, संपत नाही, तिकडं सर्व्हरवर ते तसंच उघडं राहतं, आपल्या बिलासकट आणि आपल्या मराठी कीबोर्डासकट. परत जोडलं की तेच अर्धवट राहिलेलं सेशन पुढं येतं. सेशन संपवायचं तर आतल्या स्टार्ट मेनूतून साइन आउट. हे एवढं एक जरी सगळ्यांनी पाळलं तरी निम्मे फोन कमी होतील, मी काउंटरवर चिठ्ठीच चिकटवून आलोय, ‘फुली नाही, साइन आउट’.

आता उपाय. तातडीचा म्हणजे रिमोटची खिडकी फुल स्क्रीन करा आणि आतल्या टास्कबारवर जी भाषा दिसते ती इंग्रजी करा, माउसनंच करा, शॉर्टकटच्या नादाला लागू नका. बिल सुरू.

कायमचा करायचा तर दोन्हीकडं हात घालावा लागतो. दुकानातल्या मशीनवर सेटिंगमध्ये टायपिंगच्या खाली अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज म्हणून आहे, विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेजच्या आत आणि १० मध्ये डिव्हायसेसच्या आत, तिथं प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवायची एक टिक आहे ती करा, आणि डीफॉल्ट इनपुट इंग्रजी निवडा. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मराठी केली तरी ती तिथंच राहते. तिथंच इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे, त्यात डावा ऑल्ट आणि शिफ्ट असा भाषा बदलायचा शॉर्टकट असतो, तो काढून टाका, सेशनच्या आतही आणि बाहेरही. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑल्टचे शॉर्टकट दिवसभर दाबतो आपण, बोट जरा सरकून शिफ्टवर पडलं की भाषा बदलते आणि कुणाला कळतही नाही. ‘सकाळी चांगला होता, दुपारी बिघडला’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

सर्व्हरच्या बाजूला एक रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीतली, नोंद आहे, अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, त्यामुळं ज्यांच्याकडून सर्व्हर घेतलाय त्यांना सांगून करून घ्या, आपण करायला जाऊ नका. त्यांना सांगायचं असं, लोकल मशीनच्या खाली सिस्टिम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात कंट्रोल, त्यात कीबोर्ड लेआउट, एकवचनी बरं का, शेजारीच लेआउट्स असं अनेकवचनी फोल्डर असतं ते नाही, त्यात ‘इग्नोर रिमोट कीबोर्ड लेआउट’ हे चारही शब्द जोडून एक डीवर्ड करा आणि किंमत १ द्या. याचा अर्थ सर्व्हर येणाऱ्या माणसाचा लेआउट विचारतच नाही, स्वतःचा वापरतो. नंतर सगळ्यांनी साइन आउट करून परत यायचं. कधीकधी सेशनमध्ये मराठी दिसते पण भाषांच्या यादीत ती नसतेच, काढायला जावं तर काढणार काय, तर ती अशीच बाहेरून आलेली पाहुणी असते, या नोंदीनंतर तीही येत नाही. आणि सर्व्हरवर मराठीत टाइप करायची गरजच नसेल तर तिथून मराठी कीबोर्ड काढूनच टाका ना. मराठीचा मला अभिमान आहेच, पण बारकोडच्या खान्यात तिचं काय काम.

हा झाला एक आजार. दुसरा जास्त त्रासदायक, कारण तो कधी दिसतो कधी लपतो.

एका स्टेशनरीच्या दुकानात ८९०१२३४५६७८९० असा कोड असेल तर बिलात कधी ८९०१२४५६७८९० यायचा, मधला तीन गायब. त्यांचा मुलगा बारावीला, हुशार, तो म्हणाला काका, शेवटचा आकडा चेक डिजिट असतो ना, मग चूक पकडली का नाही? प्रश्न चांगलाय. चेक डिजिट म्हणजे आधीच्या आकड्यांच्या हिशोबातून काढलेला, चूक पकडायचा आकडा, तो स्कॅनर तपासतो, लेबल वाचताना, आणि बरोबर आला तरच बीप करतो. बीप झाला म्हणजे वाचन बरोबर झालं. गळती त्याच्या पुढं होते, टाइप करताना, आणि तिथं कुणी हिशोब करत नाही. म्हणून लेन्स पुसून, लेबल सरळ करून, स्कॅनर जवळ धरून काही उपयोग होत नाही, आणि हे सगळं लोक करतात.

गळती का होते तर वेगामुळं. हिशोब बघा, तेरा आकडे आणि एक एंटर म्हणजे चौदा बटणं, प्रत्येक दाबायचं आणि सोडायचं म्हणजे अठ्ठावीस निरोप. स्कॅनर दर १० मिलिसेकंदाला एक निरोप देत असेल तर २८० मिलिसेकंदात सगळं संपतं, आणि दर १ मिलिसेकंदाला देणारा असेल तर २८ मध्ये. आपल्याकडं टायपिंगची ४० शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस एका बटणाला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो. म्हणजे तो पहिला आठ दाबेपर्यंत स्कॅनरचं सगळं उरकलेलं असतं. बिलिंग सॉफ्टवेअर माणसाच्या बोटांसाठी लिहिलेलं असतं, एक अक्षर आलं की ते खाली यादी उघडतं, दुसरं आलं की यादी गाळतं, आणि हे चालू असताना पुढची दहा बटणं येऊन उभी असतात.

आता इथं बरेच जण म्हणतात नेट स्लो आहे म्हणून आकडे वाटेत पडतात. वाटेत पडत नाहीत. ही बटणं ज्या जोडणीवरून जातात ती टीसीपीची, हरवलेलं परत पाठवते आणि क्रमही राखते. नेट स्लो असेल तर एवढंच होतं की निरोप एकेक न येता थांबून थांबून गठ्ठ्यानं येतात, एसटी उशिरा आली की सगळे पॅसेंजर एकदम दारात तसं, आणि त्या गर्दीत सॉफ्टवेअरचा एखादा निसटतो. म्हणून जास्त स्पीडचं कनेक्शन घेऊनही हा प्रॉब्लेम जाईलच असं नाही, एका दुकानदारानं घेतलं, नाही गेला.

कॅपिटल अक्षरांना हा त्रास दुप्पट, कारण शिफ्ट. शिफ्ट दाबलं, अक्षर दाबलं, अक्षर सोडलं, शिफ्ट सोडलं, हे चारही इतकं चिकटून येतं की शिफ्ट कधी उशिरा लागतं आणि पहिलं अक्षर स्मॉल येतं, किंवा उशिरा सुटतं आणि पुढच्या आकड्याला चिकटतं. ४२०७ च्या जागी $@)& असं काही दिसलं तर सर्व्हरला शाप देऊ नका, ते शिफ्ट अडकलेलं आहे, कीबोर्डवरचं शिफ्ट दोन्ही बाजूंचं एकदा दाबून सोडा, सुटतं. आणि कॅपिटलच्या जागी सगळंच्या सगळं स्मॉल येत असेल तर तेवढं कॅप्स लॉक बघा, ते चालू राहिलेलं असतं.

याचा उपाय स्कॅनरमध्येच आहे आणि फुकट आहे. स्कॅनरबरोबर एक बारीक पुस्तिका येते, बारकोडच बारकोड असतात तिच्यात, ती सगळ्यांनी खोक्यासकट टाकून दिलेली असते. हरकत नाही, स्कॅनरच्या पोटाखाली मॉडेल नंबर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. त्यात इंटर कॅरेक्टर डिले किंवा कीस्ट्रोक डिले, म्हणजे दोन बटणांच्या मधला थांबा, असं पान शोधा. पद्धत बहुतेकांची एकच, आधी ‘सेटिंग सुरू’चा कोड मारायचा, मग हवा तो डिले, मग ‘सेव्ह’ किंवा ‘सेटिंग बंद’चा. काही मॉडेलला सुरू-बंद लागत नाही, पान नीट वाचा. पान प्रिंट करताना आकार शंभर टक्के ठेवा, ‘फिट टू पेज’नं बारकोड दबतात. आणि एक, एका पानावर आठ-दहा कोड शेजारी शेजारी असतात, हवा तो सोडून बाकीचे हातानं किंवा कागदानं झाका, नाहीतर स्कॅनर शेजारचा वाचतो. माझ्याकडून एकदा फॅक्टरी डीफॉल्ट मारला गेला, एंटरची सेटिंग उडाली, आणि गिऱ्हाईक समोर उभं. दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतले कोड मारून बघायचा उद्योग तर अजिबात करू नका.

डिले किती ठेवायचा तर मी १० मिलिसेकंदापासून सुरू करतो, दुसऱ्या नोटपॅडमध्ये वीस वेळा मारतो, एकही चुकला तर २०, मग ३०. बहुतेक ठिकाणी २० ला थांबलोय. तेरा आकड्यांना २० प्रमाणे २६० मिलिसेकंद जास्त लागतात, काउंटरवर कुणाच्या लक्षातही येत नाही. एका मालकांना मात्र ‘स्कॅनर मंद केला’ असं वाटलं, त्यांना घड्याळ लावून दाखवावं लागलं.

डिले लावल्यावरची खरी परीक्षा घ्यायची असेल तर होलसेलवाल्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरचा क्यूआर नोटपॅडमध्ये मारा, अर्थात स्कॅनर क्यूआर वाचणारा असेल तर. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागतं, त्यामुळं असं एखादं बिल दुकानात असतंच. त्या क्यूआरमध्ये शेकडो अक्षरं असतात, कॅपिटल, स्मॉल, आकडे सगळी मिसळ, वाचून अर्थ लागत नाही असली. दोनदा मारा आणि दोन्ही ओळी एकसारख्या आल्या का बघा. पण हे नोटपॅडमध्येच. स्टेशनरीच्या दुकानात पोरानं वहीच्या गठ्ठ्यावर ठेवलेल्या बिलाचा क्यूआर चुकून बिलिंगच्या खान्यात मारला, तर ते सॉफ्टवेअर दोन मिनिटं थडथड करत होतं, प्रत्येक अक्षराला एक चुकीचा आवाज, मधेच कुठलीतरी खिडकी उघडली, बंद झाली, शेवटी उघडलेलं बिल रद्द करून परत सुरुवात.

लेबलं स्वतः छापत असाल तर माझं स्पष्ट मत, कोडमध्ये कॅपिटल अक्षरं घालूच नका. नुसते आकडे ठेवा, शिफ्टचा विषयच संपला. वर कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात नुसते आकडे असले की दोन-दोन आकडे एका चिन्हात बसतात, लेबल आखूड होतं, साडीच्या छोट्या टॅगवर छान मावतं. साडीवाल्या मालकांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग मला बघून कसं कळणार लाल काठ आहे का हिरवा?’ म्हटलं, मालक, बारकोडच्या खाली काय छापायचं ते वेगळं लिहिता येतं, तिथं लिहा की पीकेएल, मशीनला आकडा आणि तुम्हाला अक्षर. नाही पटलं. हजारभर टॅग छापून झालेले होते, तेही एक कारण असेल.

काही सल्ले वेळ घालवतात, तेवढे सांगतो. सर्व्हरवर स्कॅनरचा ड्रायव्हर टाका, हा पहिला. कीबोर्डसारख्या चालणाऱ्या स्कॅनरला सर्व्हरवर काहीही टाकावं लागत नाही, सर्व्हरला तो आहे हेही माहीत नसतं. दुसरा म्हणजे रिमोट डेस्कटॉपमधून यूएसबी रीडायरेक्ट करा. खिडकीत लोकल रिसोर्सेसमध्ये मोअर दाबून यादी उघडली तर त्यात स्कॅनर दिसत नाही, लोक म्हणतात बघा सापडतच नाही. नाहीच दिसणार, कीबोर्ड आणि माउस आधीच जातायत म्हणून त्या यादीत ते घेतलेलेच नसतात.

एक वेगळा रस्ता मात्र खरा आहे. बऱ्याच स्कॅनरना पुस्तिकेतला एक कोड मारून कॉम पोर्ट मोडमध्ये टाकता येतं, म्हणजे बटणं न दाबता तो कोड सरळ एका पोर्टवरून सॉफ्टवेअरला देतो. मग तो कीबोर्ड राहत नाही, लेआउट, शिफ्ट, कॅप्स लॉक सगळ्यातून सुटका. लोकल रिसोर्सेसमधल्या त्याच यादीत पोर्ट्सवर टिक करायची, ड्रायव्हर लागलाच तर दुकानातल्या मशीनवर, सर्व्हरवर नाही. अट एकच, तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला कॉम पोर्टवरून वाचता आलं पाहिजे आणि सर्व्हरवाल्यानं पोर्ट बंद केलेले नसावेत. छोट्या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय फारशी दिसत नाही, असेल तर जरूर वापरा. ऑल्ट आणि नंबर पॅडनं अक्षर टाइप करायचाही एक मोड असतो, लेआउट कुठलाही असला तरी चालतो म्हणतात ते खरं, पण ज्या सॉफ्टवेअरचा अर्धा कारभार ऑल्टवर चालतो तिथं मी तो लावत नाही.

मॅकवरून जोडणाऱ्यांसाठी एवढंच की तिथल्या रिमोट अ‍ॅपच्या मेनूत कीबोर्ड मोड असतो, स्कॅनकोड की युनिकोड, एकात गडबड झाली तर दुसरा लावून बघा.

आणि बोटाच्या ठशाचं मशीन घेऊन जे येतात, आधारचं काम करणारे, त्यांचं दुखणं यातलं नाही बरं का. ते मशीन कीबोर्ड नाहीच. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्राम (इथं आरडी म्हणजे रिमोट डेस्कटॉप नव्हे), त्याच कॉम्प्युटरवर १२७.०.०.१ या पत्त्यावर ११,१०० ते ११,१२० मधल्या एखाद्या पोर्टवर बसलेली असते. तुम्ही ब्राउझर उघडलाय रिमोटच्या आत, तो १२७.०.०.१ म्हणजे स्वतःचंच घर समजतो आणि सर्व्हरवर शोधतो, मशीन मात्र इकडं तुमच्या टेबलावर. ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ येणारच. ते काम रिमोटच्या बाहेर, आपल्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये करा, संपलं.

साडीच्या दुकानात शेवटी काय केलं तर प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा, ऑल्ट-शिफ्ट काढला, सर्व्हरवाल्याकडून ती नोंद करून घेतली, त्याला दोन दिवस आणि पाच फोन लागले, आणि स्कॅनरला २० चा डिले. दसरा नीट गेला. दिवाळीच्या आठवड्यात परत फोन, ‘झखथ आलं!’ गेलो. सर्व्हरवाल्यानं मधे दुसऱ्या सर्व्हरवर हलवलेलं होतं आणि नोंद जुन्यावरच राहिलेली. आता ती नोंद मी कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, फोनवर वाचून दाखवायला. आधी घेतलेला तो जादाचा स्कॅनर दुसऱ्या काउंटरला लावला, चांगला चालतोय.